हिऱ्याची रचना शिकवायला घेतलेलं मॉलिक्युलर मॉडेल किट : रिव्ह्यू

मी नववी-दहावीला सायन्स शिकवते. कार्बनचा धडा आला की "हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू शेजारच्या चार कार्बन अणूंशी सहसंयुज बंधाने जोडलेला असतो" हे वाक्य मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, पण डोळ्यासमोर काही येत नाही कारण फळ्यावर काढलं की सगळं सपाटच दिसतं. म्हणून ऑनलाइन हे गोळे आणि काड्यांचं प्लास्टिकचं किट मागवलं, साधंच, पाचशेच्या आतलं.

कार्बनचे काळे गोळे एकदम मस्त. चार भोकं 109.5 अंशांच्या कोनात नीट पाडलीयत, चार काड्या खोचून टेबलावर ठेवला की तीन काड्यांवर गोळा उभा राहतो आणि चौथी काडी सरळ वर. मग सांगायचं, की कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत 4 इलेक्ट्रॉन, अष्टक (म्हणजे बाहेरच्या कक्षेत 8 इलेक्ट्रॉन) पूर्ण व्हायला अजून 4 हवेत, चारही देऊन टाकणं जमत नाही आणि चार ओढून घेणंही नाही, म्हणून भागीदारी. एक काडी म्हणजे इलेक्ट्रॉनची एक जोडी, एक याचा एक त्याचा. काडी हातात असली की हे लगेच पोचतं.

खरी मजा पुढे आहे. सहा काळ्या गोळ्यांचं कडं करा, ते सपाट बसत नाही, एक गोळा वर एक खाली असं होतं, तसंच होऊ द्या. आता हे कडं पिळून बघा, आरामात वाकतं. मग वर आलेल्या तीन गोळ्यांवर उभ्या काड्या लावून एकेक गोळा बसवा आणि ते तिन्ही वरून एका गोळ्याला जोडून टाका. झाला 10 कार्बन आणि 12 काड्यांचा पिंजरा, आणि आता दोन्ही हातांनी पिळलं तरी आकार सोडत नाही! काड्या त्याच, गोळे तेच. मोकळ्या 16 जागांवर पांढरे हायड्रोजन लावले तर ते अॅडमँटेन होतं, हा पदार्थ 1933 मध्ये खनिज तेलात सापडला होता. आणि हायड्रोजनच्या जागी कार्बनच जोडत गेलात तर हिरा.

मला वाटतं मुलांना हेच कळायला हवं. मेणबत्तीच्या मेणात पण हाच कार्बन-कार्बन एकेरी बंध असतो, लांबी पण जवळपास तेवढीच, 1.54 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), तरी मेण नखाने खरवडता येतं कारण त्यातल्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या नसतात. हिऱ्यात सगळ्या दिशांनी बांधाबांध आहे म्हणून तो कठीणपणा मोजायच्या मोह्ज स्केलवर 10, म्हणजे सगळ्यात वर. आणि कठीण म्हणजे न फुटणारा नाही हेही मॉडेलवर दाखवता येतं, दोन थरांच्या मधे प्रत्येक गोळ्याला एकच उभी काडी असते, हिरा त्या पातळीवर घाव बसला की चिरतो.

आता तक्रारी. ग्राफाईटसाठी (पेन्सिलीच्या शिशातला कार्बन) हे किट कामाचं नाही. तिथे कार्बनला तीनच शेजारी आणि षटकोन सपाट हवेत, त्यासाठी तीन भोकांचे सपाट गोळे लागतात ते यात जेमतेम मूठभर. शिवाय ग्राफाईटच्या दोन थरांतलं अंतर 3.35 अँगस्ट्रॉम आणि थरातला बंध 1.42, म्हणजे दुपटीहून जास्त लांब काडी हवी, ती नाहीच. चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो म्हणून ग्राफाईटमधून वीज जाते आणि हिऱ्यातून जात नाही, हे मग तोंडीच सांगावं लागतं. थोडं वापरल्यावर काही भोकं सैल झाली, मोठं मॉडेल उचललं की खालचा गोळा गळतो. डबा पण पातळ, बिजागरी लगेच गेली.

घ्यायचं असेल तर ऑर्डर करण्याआधी काळे गोळे किती आहेत ते बघा, कारण बऱ्याच किटांत हायड्रोजन-ऑक्सिजनच भरपूर देतात. एक पिंजरा 10 मध्ये होतो, पण त्याला चिकटून दुसरा दाखवायचा तर 14 लागतात, आणि दुसरा पिंजरा पहिल्याचेच गोळे वापरतो हे बघितल्याशिवाय हिरा पुढे कसा वाढत जातो ते समजत नाही. माझे 3.5 स्टार, कंपनीने काळे गोळे सुटे विकायला काढले तर साडेचार देईन.