कॉर्डोव्हा आज: गाभा धडधाकट, प्लगइन थकलेले

कॉर्डोव्हा म्हणजे एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या पानांचं मोबाइल अ‍ॅप करणारी चौकट, आणि फोनगॅप हे तिच्यावर आधारलेलं अ‍ॅडोबीचं उत्पादन. अ‍ॅडोबीने १ ऑक्टोबर २०२० ला फोनगॅपची बिल्ड सेवा बंद केली, तेव्हा कॉर्डोव्हाही संपलं असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा आहे. कॉर्डोव्हा अपाची या मुक्त-स्रोत संस्थेकडे आहे आणि त्याच्या आवृत्त्या निघत आहेत. २०२५ मध्ये आलेलं कॉर्डोव्हा-अँड्रॉइड १४ (कॉर्डोव्हाचं अँड्रॉइडसाठीचं प्लॅटफॉर्म) थेट एपीआय ३५ साठी, म्हणजे अँड्रॉइड १५ साठी, अ‍ॅप बांधतं. गाभ्याबद्दल तक्रार करावी असं फारसं काही नाही. खरा धोका आहे तो जुनं प्लॅटफॉर्म आणि त्याच काळातले प्लगइन (कॅमेरा, फाइल अशा फोनच्या सोयी अ‍ॅपला जोडणारे तुकडे) गोठवून ठेवलेल्या प्रोजेक्टना.

असं अ‍ॅप फोनवर व्यवस्थित चालतं आणि स्टोअरच्या दारात अडतं. गूगल प्ले ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपला आणि अपडेटला टार्गेट एपीआय (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे तो आकडा) ३५ मागतं. मग सगळ्यांनाच एक सोपी वाट सुचते: प्लॅटफॉर्म जुनंच ठेवायचं आणि कॉन्फिग फाइलमध्ये फक्त टार्गेटचा आकडा बदलायचा. बिल्ड तिथेच कोसळतं, कारण अँड्रॉइडच्या जुन्या ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) प्लगइनसोबत येणाऱ्या एएपीटी-२ या हत्याराला एपीआय ३५ ची अँड्रॉइड जार फाइल वाचताच येत नाही. एररमध्ये ‘फेल्ड टू लोड इन्क्लूड पाथ’ असं दिसतं, म्हणून लोक एसडीके (अँड्रॉइडचा विकास-संच) पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतात. एसडीके ठीकच असतो, वाचणारं हत्यार जुनं असतं.

प्लॅटफॉर्म काढून नव्याने जोडणं हाच सरळ मार्ग आहे. आवृत्ती १४ ला जेडीके (जावाचा विकास-संच) १७ लागतो. काढण्याआधी प्लॅटफॉर्म फोल्डरमध्ये कोणी हाताने काय बदललंय ते शोधा. वारशाने आलेल्या प्रोजेक्टमध्ये मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती आणि परवानग्या सांगणारी फाइल) घुसवलेल्या दोन-चार ओळी हमखास सापडतात. त्या कॉन्फिग फाइलच्या ‘एडिट-कॉन्फिग’मध्ये हलवा, म्हणजे पुढच्या वेळी पुसल्या जाणार नाहीत. अ‍ॅपवर डिजिटल सही करायची कीस्टोअर फाइल त्याच फोल्डरमध्ये पडलेली असेल तर आधी ती बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. प्लॅटफॉर्म काढताना ती फोल्डरसकट जाते. आवृत्ती ७ पासून मॅनिफेस्टची जागा ‘अ‍ॅप/सोर्स/मेन’मध्ये गेली आहे, त्यामुळे जुन्या मार्गावर लिहिणारे हुकही (बिल्डच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) दुरुस्त करावे लागतात.

यानंतर प्लगइनची पाळी येते, आणि इथे वेळेचा अंदाज नेहमी कमी पडतो. जुन्या सपोर्ट लायब्ररीवर लिहिलेला प्लगइन तिची जागा घेतलेल्या अँड्रॉइड-एक्सच्या जगात कंपाइल होत नाही. इंटेंट-फिल्टर (बाहेरून येणाऱ्या कोणत्या विनंत्या घ्यायच्या ती नोंद) असलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीवर (अ‍ॅपच्या पडद्यावर) ‘एक्स्पोर्टेड’ लिहिलेलं नसेल तर एपीआय ३१ पासून पुढे मॅनिफेस्ट मर्जच अडतं. हे दोन्ही फोर्क (प्लगइनची स्वतःची प्रत) करून दुरुस्त करता येतं. खरी पंचाईत स्वतःची ‘.एसओ’ (आधीच कंपाइल केलेल्या नेटिव्ह कोडची) फाइल आणणाऱ्या प्लगइनची. अँड्रॉइड १५ ला टार्गेट करणाऱ्या अ‍ॅपकडून गूगल प्ले १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी मेमरी पेजला (मेमरीचा एकेक तुकडा १६ केबीचा) पाठिंबा मागतं. एसक्यूलाइट, स्कॅनर, व्हिडिओ असे प्लगइन आधी तपासा. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके अ‍ॅनालायझरमध्ये ‘लिब’ फोल्डर उघडलं की अलाइनमेंट (फाइल १६ केबीच्या हिशेबात बसते का ते) दिसते. मूळ सोर्स हाती नसेल तर तो प्लगइन बदलण्यावाचून इलाज नाही.

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट मात्र एररच देत नाही. कॉर्डोव्हा-अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपचं पान ‘फाइल’ऐवजी ‘एचटीटीपीएस लोकलहोस्ट’ या पत्त्यावरून उघडतं. लोकल स्टोरेज आणि इंडेक्स्ड-डीबी (वेबपानाचा डाटा फोनमध्ये ठेवायच्या जागा) पत्त्याला बांधलेले असतात. म्हणजे अपडेट झालं की वापरकर्त्याला रिकामं अ‍ॅप दिसतं: लॉगिन गेलेलं, न पाठवलेले फॉर्म गेलेले. डाटा फोनमध्येच असतो, फक्त नव्या पत्त्याला तो दिसत नाही. नव्याने इन्स्टॉल केलेल्या फोनवर चाचणी घेतली तर हे कधीच कळत नाही. म्हणून जुनी आवृत्ती टाका, डाटा भरा, त्यावर नवी चढवा आणि मग बघा.

उपाय दोन टप्प्यांचा. पहिल्या रिलीजमध्ये ‘अँड्रॉइड-इनसिक्युअर-फाइल-मोड-एनेबल्ड’ चालू ठेवून जुना पत्ता कायम ठेवायचा, आणि अ‍ॅप उघडताच सगळा डाटा फाइल प्लगइनने नेटिव्ह फाइलमध्ये उतरवायचा. बहुतेक फोन त्या आवृत्तीवर आले की दुसऱ्या रिलीजमध्ये मोड बंद करून तिथून डाटा परत वाचायचा. मधली आवृत्ती चुकवणारे काही जण असतातच, त्यामुळे न पाठवलेली नोंद पहिल्याच टप्प्यात सर्व्हरवर ढकलणं शहाणपणाचं.

आयओएसची बाजू तुलनेने सोपी आहे. कॉर्डोव्हा-आयओएस ६ पासून अ‍ॅपमध्ये वेबपान दाखवणारं जुनं यूआय-वेबव्ह्यू गेलं, फक्त डब्ल्यूके-वेबव्ह्यू राहिलं. पण तिथेही ‘स्कीम’ (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदललीत तर स्टोरेजची हीच गत होते.

कॉर्डोव्हावर राहायचं की नाही, हे प्लगइनच्या यादीवरून ठरवा. कॅमेरा, फाइल, नेटवर्क असे अपाचीचेच मोजके प्लगइन असतील तर निर्धास्त राहा आणि प्लॅटफॉर्म दरवर्षी वाढवा. सोडून दिलेले प्लगइन जास्त असतील तर कॅपॅसिटर या तशाच दुसऱ्या चौकटीकडे जाणं परवडतं. एचटीएमएल-जावास्क्रिप्ट जवळपास तसंच नेता येतं आणि अनेक कॉर्डोव्हा प्लगइनही तिथे चालतात. फक्त आयओएसवर कॅपॅसिटरची स्कीम वेगळी असते, तेव्हा डाटा हलवण्याचं काम त्या मार्गातही आधीच करून ठेवावं लागतं.