सॅम्पलिंग, एफएम की फिजिकल मॉडेलिंग: सिंथेसायझरवर खऱ्या वाद्याचा आवाज घडवताना काय निवडावे

डिजिटल सिंथेसायझरवर खऱ्या वाद्याचा आवाज घडवू पाहणाऱ्यासमोर प्रामुख्याने तीन मार्ग असतात. वाद्याचे सूर ध्वनिमुद्रित करून पट्ट्यांवर बसवणे म्हणजे सॅम्पलिंग. एका कंपनाने दुसऱ्या कंपनाची वारंवारता हलवून उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर, निर्माण करणे म्हणजे एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन). आणि तार, हवा, पोकळी यांच्या वर्तनाचे गणित मांडून त्यातून ध्वनी उत्पन्न करणे म्हणजे फिजिकल मॉडेलिंग. यांपैकी सर्वांत खरा आवाज कोणाचा, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, कारण एकच सुटा सूर ऐकवायचा असेल तर सॅम्पलिंग सरस ठरणारच. तो सूर मुळात त्या वाद्याचाच असतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाद्य काय करते आणि तयार झालेला आवाज दुसऱ्याच्या हाती देताना काय काय द्यावे लागते, या दोन गोष्टींवर निवड करावी.

हार्मोनियमच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: सूर सुटे असतात आणि त्यांच्यामध्ये मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, नसते. म्हणून हार्मोनियमसाठी सॅम्पलिंगच घ्यावे. साडेतीन सप्तकांच्या 42 पट्ट्यांपैकी दर तिसरी पट्टी मुद्रित केली तर 14 सूर होतात, आणि प्रत्येकी आठ सेकंदांचे हे मुद्रण 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो स्वरूपात जेमतेम 10 मेगाबाइट भरते. एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक पट्टीला दोन सूर असलेल्या पेटीत ते दोन सूर किंचित विलग असल्यामुळे जी लहर ऐकू येते, ती मुद्रण वरच्या पट्टीवर ताणले की जलद होते. शिवाय लूप, म्हणजे सूर लांबवण्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवला जाणारा तुकडा, लहरीच्या पूर्ण फेऱ्यांवर कापला नाही तर दर वळणावर धक्का ऐकू येतो. भाता एकसारख्या दाबाने चालवणारा माणूस सोबत असणे येथे महागड्या मायक्रोफोनपेक्षा अधिक मोलाचे आहे.

सतारीत हीच पद्धत अडखळते. मुद्रित सूर वर ओढला की तारेबरोबर भोपळ्याचा अनुनादही वर सरकतो, आणि वाद्याचा आकारच लहान झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मींड घेताना तार ताणली जाते, भोपळा आहे तेवढाच राहतो. फिजिकल मॉडेलिंगमध्ये तार आणि भोपळा वेगवेगळे मांडलेले असल्याने हा दोष मुळातच उद्भवत नाही. या पद्धतीचे सर्वांत साधे रूप केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केले: क्षणभराचा गोंगाट एका छोट्या विलंबरेषेत (आत आलेला ध्वनी काही क्षणांनी बाहेर देणाऱ्या साठ्यात) फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घ्यायची. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या गतीला सुमारे 200 नमुन्यांची रेषा घेतली की 220 हर्ट्झची छेडलेली तार ऐकू येते. अवघड भाग आहे तो जवारीचा, म्हणजे घोडीमुळे सुराला येणाऱ्या झंकाराचा. घोडीच्या रुंद, किंचित वक्र पृष्ठभागावर तार दर कंपनात टेकते आणि सुटते, त्यामुळे उपस्वरांची ऊर्जा एकमेकांत वाटली जाते, आणि हे वर्तन साध्या विलंबरेषेत मावत नाही. म्हणूनच तानपुऱ्यासाठी, जेथे मींड नाही आणि जवारी हेच सर्वस्व आहे, मी पुन्हा सॅम्पलिंगकडेच वळेन. सतारीसाठी कोणताही मार्ग घेतला तरी चिकारी, म्हणजे तालासाठी छेडल्या जाणाऱ्या बाजूच्या तारा, वेगळ्या मिडी चॅनलवर (वाद्याला सूचना नेणाऱ्या स्वतंत्र मार्गावर) ठेवावी. पिच बेंड, म्हणजे चाक फिरवून सूर वर-खाली सरकवणे, संपूर्ण चॅनलला लागू होतो, आणि मींडेबरोबर चिकारीही वर चढली तर सारा भास मोडतो. पिच बेंडचा पल्ला सहसा वर-खाली दोन अर्धस्वरांचाच, म्हणजे दोन पट्ट्यांइतकाच, असतो, म्हणजे पाच सुरांच्या मींडेसाठी तो आधी वाढवून घ्यावा लागतो.

एफएमची बलस्थाने वेगळी आहेत. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये 1967 साली शोधलेल्या या तंत्रावर यामाहाचा डीएक्स7 हा सिंथेसायझर 1983 मध्ये आला. घंटा, जलतरंग, झांजा यांसारखी ज्यांचे उपस्वर सरळ पटीत नसतात ती वाद्ये आणि आवाज वाढताच झगझगीत होणारी पितळी वाद्ये त्यावर फार कमी साधनांत उभी राहतात. पट्टी जोरात दाबली की केवळ आवाज न वाढता त्याचा पोतही बदलतो, जे सॅम्पलिंगमध्ये साधण्यासाठी एकच सूर तीन-चार जोरांत मुद्रित करावा लागतो. तारवाद्यातील घासण्याचा आवाज किंवा बासरीतील फुंकर मात्र एफएमवर क्वचितच पटते. रोलंडच्या डी-50 या सिंथेसायझरने 1987 मध्ये काढलेला तोडगा आजही कामाचा आहे: आघाताचा क्षण मुद्रित आणि पुढचा सूर संश्लेषित, कारण वाद्याची ओळख कानाला मोठ्या प्रमाणात आरंभीच पटते.

तयार आवाज दुसऱ्याला देण्याच्या बाबतीत मात्र पारडे वेगळ्या बाजूला झुकते. डीएक्स7 चे 32 आवाज 4,104 बाइटांत मावतात, आणि डेक्स्ड हा मोफत प्रोग्राम ती फाइल जशीच्या तशी उघडतो. सॅम्पलिंगमध्ये मुद्रणे आणि मांडणी एकत्र ठेवणाऱ्या एसएफ2 स्वरूपाची एकच फाइल पाठवणे सोयीचे असते; एसएफझेड या दुसऱ्या स्वरूपात मांडणी साध्या मजकुरात असल्याने घेणाऱ्याला चूक स्वतः दुरुस्त करता येते, पण ध्वनिफाइलींचे फोल्डर सोबत द्यावे लागते आणि एका फाइलचे नाव बदलले तरी तो सूर मुका होतो. विकतच्या संचातील मुद्रणे स्वतःच्या फाइलमध्ये घालून वाटण्यास त्यांचे परवाने सहसा मनाई करतात, तेव्हा वाद्य स्वतःच मुद्रित केलेले बरे. फिजिकल मॉडेलिंगची मांडणी लहान असली तरी ती ज्या प्रोग्रामसाठी केली त्याच्याबाहेर निरुपयोगी असते, आणि तो प्रोग्राम समोरच्याकडे असतोच असे नाही.

भजनी मंडळातल्या दहा जणांना पेटी आणि तानपुरा द्यायचा असेल तर एसएफ2 पुरेसे आहे. स्वतःच सतार वाजवायची असेल आणि ती कोणाला पाठवायची नसेल, तर फिजिकल मॉडेलिंगवर वेळ घालवावा, आणि त्याआधी पिच बेंडचे चाक सुरात फिरवण्याचा सराव करावा.