टर्बो १८२चे सात महिने, आणि मध्येच एक हार्वर्ड

अमेरिकेत डेन्व्हरसारख्या उंच गावात राहून, विरळ हवेत साधं सेसना १८२ (एका इंजिनाचं छोटं विमान) उडवणं म्हणजे दमेकऱ्याला घेऊन सिंहगड चढणं. म्हणून गेले सात महिने क्लबचं टर्बोवालं (इंजिनात हवा दाबून भरणारं) टी१८२टी घेतोय. साठेक तास झाले.

डोंगरातल्या लेडव्हिल विमानतळावर (उंची ९,९३४ फूट) पहिल्यांदा थ्रॉटल पुढे केला आणि मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) ३२ इंचांवर गेलं. साध्या इंजिनाला तिथे जेमतेम २० मिळतं, बाहेरच्या हवेतच तेवढं असतं. इथे मात्र पूर्ण २३५ अश्वशक्ती हाताशी! तरी धावपट्टी लांबच लागली. टर्बो इंजिनाला असतो, पंखांना नसतो, त्यांना विरळ हवाच मिळते, हे त्या दिवशी नीट कळलं.

मध्ये प्रशिक्षकासोबत दोनदा टी-६ उडवलं, आपल्या हवाई दलातलं जुनं हार्वर्ड तेच. त्याच्या ६०० अश्वशक्तीच्या वास्प इंजिनात गिअरवर फिरणारा सुपरचार्जर आहे, तोही हवा दाबून भरतो, पण इंजिनाच्याच ताकदीवर. थ्रॉटल हलवला की प्रेशर हललंच, वाट बघणं नाही. पण तो क्रँकशाफ्टकडून कायम हप्ता घेतो, गरज असो वा नसो, आणि गिअर एकाच गतीचा असल्याने काही हजार फुटांनंतर त्याचाही दम सुटतो. टर्बो वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर फिरतो आणि वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) त्याला उंचीप्रमाणे सांभाळून घेतं.

फुकट मात्र काहीच नाही. थंडीत सकाळी तेल गरम व्हायच्या आत घाईने थ्रॉटल दिला, तर तेलाच्याच दाबावर चालणारं वेस्टगेट मागे पडतं आणि प्रेशर मर्यादेबाहेर उडी मारतं. माझ्याकडून एकदा झालं, प्रशिक्षकाची बोलणी खाल्ली. उतरल्यावर टर्बो निवेपर्यंत इंजिन मंद चालू ठेवायचं, नाहीतर बेअरिंगमधलं तेल करपतं. साडेबारा हजार फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं तर नाकात ऑक्सिजनची नळी. टर्बोला टेलपाइप जोडणाऱ्या क्लँपची धास्ती वेगळीच: ते निकामी होऊन आगी लागल्यावर एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) २०२३मध्ये काही प्रकारच्या क्लँपना तासांची मुदतच घातली. यंदा तपासणीला गेलेलं विमान वर्कशॉपने तीन आठवडे अडकवून ठेवलं, तेव्हा चिडलो, पण एक्झॉस्ट उघडून बघितल्याशिवाय मीही बसलो नसतो.

डोंगरात जायचं तर आता टर्बोच. कॅन्ससकडे सपाटीवर जायचं असलं की अजूनही साधं १८२ बुक करतो. भाडं कमी, आणि उतरल्यावर कुणाला निववत बसावं लागत नाही.