तक्ता, अक्षरगट की फोनिक्स: मुलाला वाचायला कसं शिकवावं?

मूल चार-पाच वर्षांचं झालं की घरोघरी हा विषय निघतो. आजी म्हणते, आधी तक्त्यावरून अ ते ज्ञ पाठ होऊ दे. बालवाडीच्या ताई चार-पाच अक्षरांच्या पट्ट्या, म्हणजेच अक्षरगट, घरी पाठवतात. आणि सोसायटीच्या फलकावर फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात लागलेली असते. तिन्ही वाटांनी मुलं वाचायला लागतात. पण किती लवकर, किती रडारडीनंतर, आणि वाचलेलं त्यांना कळतं का, यात बराच फरक पडतो. घरात मराठी बोलणाऱ्या मुलासाठी अक्षरगटांची वाट मला सर्वांत चांगली वाटते.

आधी तक्त्याबद्दल. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार लावलेली आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूपाशी, प-वर्ग ओठांनी. ही मांडणी फार सुंदर आहे, मोठेपणी ती जरूर समजून घ्यावी. पण पाच वर्षांच्या मुलाला तिचा त्रासच जास्त होतो. क-ख-ग-घ असे जवळजवळचे आवाज एकापाठोपाठ येतात. ङ आणि ञ ही अक्षरं घोकायची, पण त्यांनी सुरू होणारा मराठी शब्द मुलाच्या कानावर कधीच पडत नाही. शिवाय सगळी व्यंजनं संपल्याशिवाय बाराखडी सुरू होत नाही. म्हणजे 'काका' हा रोजच्या तोंडातला शब्द वाचायला मुलाने कित्येक महिने थांबायचं.

असं शिकलेल्या मुलासमोर 'काम' हा शब्द ठेवून पाहा. ते बोट ठेवतं आणि म्हणतं, "क कमळाचा, क ला काना का… म मगरीचा…" तोवर पहिलं अक्षर डोक्यातून निघून गेलेलं असतं. कमळ आणि मगर दोघेही मध्ये आल्यावर 'काम' जुळायचं कसं? प्रत्येक अक्षर ओळखता येतं, पण शब्द वाचता येत नाही, अशी मुलं पहिली-दुसरीत खूप दिसतात.

अक्षरगटात क्रमच बदलतो. ज्यांच्यापासून लगेच शब्द बनतील अशी मोजकी अक्षरं घ्यायची आणि पहिल्याच गटात एखादी स्वरखूणही घ्यायची. उदाहरणार्थ म, क, न, र आणि काना. एवढ्यातून मामा, काका, नाना, कान, नाक, मान, मका, काम, नाका असे शब्द मिळतात. 'नाना, काम करा' हे अख्खं वाक्य मिळतं! ते स्वतः वाचल्यावर मूल नानांकडे पाहून हसतं, कारण त्याला अर्थ कळलेला असतो. मग ल, ब, घ आणि दुसरी वेलांटी घ्या, की 'घर', 'बाक', 'लाल', 'काकी' दाराशी उभे. काना एकदा क ला लावता आला की तोच म ला आणि न ला लागतो, हे मुलाला आपोआप उमगतं. बाराखडीची शेकडो रूपं वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत.

अशा पद्धतीने वाचायला शिकवण्याचं मोलाचं काम महाराष्ट्रातच झालं आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था सुरू केली, तिथे आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या 'क्वेस्ट' या संस्थेत. मराठीतून शिकणाऱ्या, घरात पुस्तकं नसलेल्या मुलांना समोर ठेवून हे काम झालं, म्हणून मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

गट घरी करताना दोन गोष्टी सांभाळा. दिसायला सारखी अक्षरं एका गटात घेऊ नका: घ-ध, भ-म, ब-व यांच्यात काही आठवड्यांचं अंतर राहू द्या. आणि पहिली वेलांटी जरा उशिरा घ्या. 'दिवा' लिहिताना वेलांटी द च्या आधी दिसते पण ऐकू नंतर येते, तिथे मुलं हमखास अडखळतात. च आणि ज चे दोन उच्चार ('चहा' आणि 'चमचा') मात्र समजावत बसू नका. शब्द ओळखीचा असला की मूल बरोबरच उच्चारतं.

आता फोनिक्स. जॉली फोनिक्स या फोनिक्सच्या एका पद्धतीत एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं सर्वांत आधी घेतात, कारण त्यांतून सॅट, पिन, टॅप असे शब्द लगेच तयार होतात. म्हणजे हाही अक्षरगटच! इंग्रजीत २६ अक्षरांना सुमारे ४४ ध्वनी सांभाळावे लागतात, म्हणून तिथे एवढा खटाटोप करावा लागतो. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ कितीतरी सरळ आहे. शिवाय 'टॅप' वाचूनही टॅप म्हणजे काय हे माहीत नसेल, तर मूल नुसते आवाज काढतं. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर शाळा फोनिक्स बहुधा शिकवतेच, क्लासला वेगळे पैसे घालू नका. घरी मराठी घ्या. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात इंग्रजी शाळेतही मराठी विषय सक्तीचा आहेच. परदेशात इंग्रजी कानावर सतत पडणाऱ्या मुलाचं गणित वेगळं. तिथे शाळेतलं फोनिक्स आधी बसू द्यावं आणि मराठी तोवर गोष्टी ऐकवून, शब्दांच्या भेंड्या खेळून जिवंत ठेवावी.

गोष्टी मात्र कुठल्याही वाटेवर सोडू नका. अक्षरगट वाचता येतो, पण नुसत्या 'नाना, काम करा'वर मुलाची भूक भागत नाही. रोज मोठ्याने एक गोष्ट वाचा, ओळीखाली बोट फिरवत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीपासून सुरुवात करा.

आणि तक्ता आधीच पाठ झालेला असेल तर? तो भिंतीवर राहू द्या, विसरलेलं अक्षर शोधायला उपयोगी पडतो. मुलाला मात्र चित्र नसलेल्या कागदावर त्याच्या ओळखीच्या अक्षरांतले पाच शब्द लिहून द्या. कमळ-मगर न म्हणता ते वाचता आले, तर थेट पुढच्या स्वरखुणांकडे जा. नाही आले, तर म, क, न, र आणि काना घेऊन बसा.