रंगाखालच्या फुल्या: जुन्या स्टील स्कुबा सिलिंडरच्या सौद्यात होणारी फसवणूक

अमेरिकेत गराज सेलमध्ये आणि जुन्या सामानाच्या ऑनलाइन जाहिरातींत हा सौदा हमखास दिसतो. ताजा पिवळा रंग मारलेलं स्टीलचं स्कुबा सिलिंडर, वर जुना जे-व्हॉल्व्ह (शेवटची थोडी हवा राखून ठेवणारी, दांड्याची झडप) आणि खाली मजकूर: "१९५० च्या दशकातलं, दुर्मीळ, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेलं." तिथल्या एका मराठी खरेदीदाराने असंच एक घेतलं. डाइव्ह शॉपने ते भरायला साफ नकार दिला. पेंट रिमूव्हर लावून खांद्यावरचा, म्हणजे व्हॉल्व्हखालच्या उताराचा रंग उतरवला, तर खाली राखाडी पुट्टी. ती खरवडल्यावर '३एए२२५०' या सिलिंडरचा प्रकार आणि दाब सांगणाऱ्या शिक्क्यावर ओळीने ठोकलेल्या फुल्या उघड्या पडल्या. टेस्टमध्ये नापास झालेल्या सिलिंडरवर तपासणी केंद्र अशाच फुल्या ठोकतं. विक्रेता तोवर फोन उचलेनासा झाला होता.

ही लबाडी जाहिरातीतल्या फोटोतच पकडता आली असती. खांद्यावर 'डीओटी' (अमेरिकेचं परिवहन खातं) ही अक्षरं स्वच्छ दिसत होती. १९५० च्या दशकातल्या सिलिंडरवर 'आयसीसी', म्हणजे त्याआधीच्या नियामक आयोगाचं नाव असतं. डीओटीचा शिक्का साधारण १९७० पासूनचा. म्हणजे वय खोटं. शेजारचा आकडा मात्र झिजल्यासारखा पुसट होता. स्टीलवर ठोकलेले शिक्के एका बाजूचे तेवढे झिजत नाहीत; पुसट दिसले की पुट्टी किंवा ग्राइंडरचा संशय घ्यायचा. कपड्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक सिलिंडरच्या खांद्यावरून आणि अंगावरून फिरवा. जिथे पकड एकदम ढिली पडते, तिथे खाली काहीतरी भरलेलं आहे.

हायड्रो टेस्टची तारीखही नकली होती. अमेरिकेतल्या अलीकडच्या टेस्टच्या शिक्क्यात डावीकडे महिना, उजवीकडे वर्ष आणि मधे चौकोनात मांडलेली चार अक्षरं-आकडे असतात. तो तपासणी केंद्राचा क्रमांक. इथे नुसता महिना आणि वर्ष होतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पंचने ठोकलेलं. केंद्राचा क्रमांक सरकारी यादीत तपासता येतो, तो तपासल्याशिवाय तारखेवर विश्वास ठेवू नका. ही टेस्ट दर ५ वर्षांनी लागते. २२५० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर तेवढे पौंड दाब) सिलिंडरला ३७५० पीएसआयचा दाब देतात, आणि एकूण प्रसरणापैकी कायम राहणारं प्रसरण १० टक्क्यांच्या वर गेलं की सिलिंडर बाद. तारखेपुढचं अधिक चिन्ह १० टक्के जास्त, म्हणजे २४७५ पीएसआय भरण्याची परवानगी देतं. 'स्टील ७२' म्हणून विकतात ते या जादा दाबावर सुमारे ७१ घनफूट हवा धरतं. अधिक चिन्ह नसेल तर ६५ च्याच आसपास.

माप घेतलंत तर आणखी एक खोट कळते. खरं ७२ सुमारे ६३ सेंटिमीटर लांब असतं, घेर ५५ सेंटिमीटर, वजन व्हॉल्व्हशिवाय १३ किलोच्या जवळपास. ही मापं जुळत नसतील तर कार्बन डायऑक्साइडचं किंवा अग्निशामक सिलिंडर रंगवून गळ्यात मारत असण्याची शक्यता धरा. तळाचा रबरी बूट काढून बघाच. तळ गोल असल्यामुळे बूट लागतोच, आणि त्यात साचलेलं खारं पाणी पत्रा कुरतडत राहतं. जोडसिलिंडर असेल तर पट्ट्यांच्या खालीही तेच.

आतली तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि विक्रेते नेमकी तीच टाळतात. जे-व्हॉल्व्हचा दांडा वर असेल तर सिलिंडर रिकामं वाटूनही आत सुमारे ३०० पीएसआय राहू शकतात. दांडा खाली करून हवा पूर्ण जाऊ द्या. व्हॉल्व्ह उघडायचं काम डाइव्ह शॉपकडेच ठेवा. आत पातळ तांबूस गंज असेल तर तो साफ होतो. खड्डे पडले असतील तर पैसे परत मागा. काही जुन्या सिलिंडरना आतून प्लास्टिकसारखा थर दिलेला असतो. त्याचे पोपडे सुटले की त्यांच्याखाली ओल धरते, म्हणून पुष्कळ दुकानं अशी सिलिंडर घेतच नाहीत.

आत उरलेली जुनी हवा कधीही श्वासात घेऊ नका, गेज भरलेलं दाखवत असलं तरी. ओल्या, बंद सिलिंडरमध्ये गंजताना लोखंड ऑक्सिजन खातं. दाबात फारसा फरक दिसत नाही, वास येत नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही, कारण श्वासाची तहान कार्बन डायऑक्साइड साठल्याने लागते. माणूस सरळ बेशुद्ध होतो.

आटेही बघा. फार जुन्या सिलिंडरला अर्ध्या इंचाचे निमुळते आटे असतात, त्यात आजचा पाऊण इंची व्हॉल्व्ह बसत नाही. युरोपातला एम२५ (२५ मिलिमीटर) आट्यांचा व्हॉल्व्ह मात्र पाऊण इंची सिलिंडरमध्ये ढिला का होईना बसतो, आणि भरताना गोळीसारखा उडतो.

भारतात परत येताना असं सिलिंडर मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात वापरायला आणायचा बेत असेल, तर आधी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे नियम बघा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार आयातीला परवाना लागतो आणि मान्यता नसलेलं सिलिंडर भरता येत नाही. विक्रेता म्हणेल "तिकडे कोण विचारतं", पण बंदरावर अडकलेल्या मालाचे पैसे तो देणार नाही. पैसे देण्याआधी खांद्याचा तिरप्या उजेडातला फोटो, बूट काढलेल्या तळाचा फोटो आणि आतला फोटो मागा. तीनपैकी एकही द्यायला खळखळ केली तर सौदा तिथेच सोडा.