मायमोनिडीस की नाखमानिडीस: जेवणातून स्वभाव घडवताना

ज्यू परंपरेतून जेवणाची शिस्त घ्यायची, तर या दोघांपैकी कोणाचं धरावं, असं एका मैत्रिणीने विचारलं. दोघेही स्पेनमध्ये जन्मलेले, वैद्यकी जाणणारे धर्माचार्य.

भर कशावर? मायमोनिडीस (११३८–१२०४) प्रमाणावर बोट ठेवतात. भूक लागल्याशिवाय जेवू नये, पोट साधारण पाव भाग रिकामं असतानाच उठावं. स्वभाव पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीतून मुरतो, हे त्यांचं मूळ सूत्र. नाखमानिडीस (११९४–१२७०) पदार्थाकडे पाहतात. शिकारी पक्षी निषिद्ध, कारण त्यांचं मांस मनात क्रौर्य आणतं. रक्त खाल्ल्याने वृत्ती जड होते.

मेहनत? नाखमानिडीसांची बाजू सोपी. बाजारातच निवड झाली की घरी झगडा उरत नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, पर आणि खवले नसलेले मासे पिढ्यानपिढ्या टाळत आले, ते याच धर्मनियमाने. मायमोनिडीसांची परीक्षा मात्र रोज, प्रत्येक ताटावर.

पळवाट? इथे नाखमानिडीस मला फार मोठे वाटतात. केवळ विहित अन्न खाऊनही माणूस खादाड आणि नीच राहू शकतो, हे त्यांनीच बजावलं. म्हणजे पदार्थ शुद्ध असला तरी हाव जातेच असं नाही.

ज्यांना ठाम यादी आणि घराण्याची, समाजाची सोबत हवी, त्यांनी नाखमानिडीसांपासून सुरुवात करावी. पथ्य पाळूनही ज्यांचा हात थांबत नाही, त्यांना मायमोनिडीसच हवेत. मैत्रिणीला मी तेच सुचवलं.