पुण्याहून पहिली कॅरिबियन क्रूझ: सात रात्री, खर्च आणि खाचाखोचा

सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझचे पैसे वसूल होतात का? होतात. पण एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. जहाज हे बेटांवर नेऊन सोडणारं वाहन नसून जहाज हाच मुक्काम असतो. बेटावर सात-आठ तास मिळतात, तेही घड्याळाकडे बघत. युरोपच्या ग्रुप टूरमध्ये सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर आणि दिवसाला पाच ठिकाणं, अशी सवय असलेल्यांना पहिले दोन दिवस आपण काही पाहिलंच नाही असं वाटत राहतं. उलट, एकदा कपाटात कपडे लावले की आठवडाभर बॅग भरायची नाही आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र, तरी आपापल्या मर्जीनं राहणार, असं ज्यांना हवं आहे त्यांनी जरूर जावं.

सुरुवात व्हिसापासून करा, जहाजापासून नको. बहुतेक जहाजं मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून सुटतात. त्यासाठी अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा लागतो आणि तो मल्टिपल एंट्रीच हवा, कारण जहाज परदेशी बंदरं करून परत येतं तेव्हा तुम्ही अमेरिकेत दुसऱ्यांदा प्रवेश करत असता. अर्जाची फी माणशी १८५ डॉलर. पुणेकरांना मुलाखतीला मुंबईत बीकेसीला जावं लागतं आणि तारीख मिळायलाच कित्येक महिने लागू शकतात. आधी क्रूझ बुक करून मग व्हिसाच्या मागे लागलं की नॉन-रिफंडेबल डिपॉझिट हमखास अडकतं.

बेटांच्या व्हिसाचं प्रकरण वेगळं. वैध अमेरिकी व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. जमैका आणि बार्बाडोस भारतीय पर्यटकांना व्हिसा मागत नाहीत. सान हुआन आणि सेंट थॉमस तर अमेरिकेच्याच ताब्यात आहेत. बाकी प्रत्येक बंदरासाठी क्रूझ कंपनीकडून भारतीय पासपोर्टचे नियम लेखी मागवा. वेबसाइटवर ठळकपणे दिसतात ते नियम अमेरिकन नागरिकांसाठी असतात. एका बंदराचा कागद कमी पडला म्हणून अख्ख्या जहाजावर चढू न देण्याचा अधिकार कंपनीला असतो. मार्गात परदेशी बंदर असतंच, याचं मूळ १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, आणि यातली जवळपास सगळी मोठी जहाजं बहामास, पनामा किंवा माल्टाला नोंदलेली आहेत.

मुंबईहून मायामीला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा युरोपातून जायचं म्हटलं तर पुण्यातल्या घरापासून मायामीच्या हॉटेलपर्यंत एक दिवसाहून जास्त वेळ जातो. त्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचा वेळेचा फरक. निदान एक रात्र आधी पोचा, हिवाळ्यात दोन. चेक-इन जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं आणि विमान लेट झालं म्हणून जहाज कुणासाठी थांबत नाही.

हंगामाच्या बाबतीत पुण्यातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी सोयीची आहे. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर. दिवाळीची सुट्टी नेमकी या टोकाला येते. वादळ आलं की सहसा जहाज रद्द होत नाही, मार्ग बदलतो. पूर्वेची बेटं बघायला निघालेला प्रवासी पश्चिमेला पोचतो आणि चुकलेल्या बंदराचा फार तर कर परत मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जायचं असेल तर अरुबा, बोनेर, कुरासाव असा दक्षिणेचा मार्ग घ्या. ती बेटं वादळांच्या मुख्य पट्ट्याच्या खाली आहेत.

आता खोली. आतल्या केबिनचं क्षेत्रफळ साधारण १५० ते १८० चौरस फूट, म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमधल्या मुलांच्या खोलीपेक्षा थोडी जास्तच जागा, पण त्यात डबल बेड, सोफा, कपाट आणि बाथरूम सगळं बसवलेलं. खिडकी नसल्यामुळे दिवा मालवला की मिट्ट काळोख. झोप छान लागते, पण बाहेर उजाडलं की नाही ते कळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यानं बाल्कनीला जास्तीचे पैसे मोजावेत असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण समुद्रात जाणाऱ्या दोन-तीन दिवसांत तीच खरी जागा असते. पैसे वाचवायचे असतील तर आतली केबिन चालेल, पण कंपनीच्या मर्जीनं खोली देणारा गॅरंटी दर टाळा. जहाज लागत असेल, म्हणजे मळमळत असेल, तर खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. हेलकावे टोकांना आणि वर जास्त जाणवतात. डेकवरच्या स्वयंपाकघराखाली किंवा नाइट क्लबच्या वर खोली आली तर रात्रभर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, म्हणून बुकिंगच्या वेळी वरचा आणि खालचा मजला नकाशात बघून घ्या. जानेवारी २०२४ पासून मायामीहून धावणारं 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आणि २० मजली आहे. अशा जहाजावर गुडघे दुखणाऱ्या माणसाची खोली लिफ्टजवळच हवी.

बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो. आपल्याकडच्या माणसाला हीच अडचण सगळ्यात आधी टोचते आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेख कधीच नसतो. दाबून पाणी सोडणारी प्रवासाची बाटली मिळते, ती सोबत घ्या. टॉयलेट विमानासारखं व्हॅक्यूमचं असतं. त्यात वेट वाइप्स टाकले तर आजूबाजूच्या खोल्यांचीही लाइन तुंबते. भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार-सहा हूक नेले तर ओले स्विमसूट, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर लागतं. प्लग अमेरिकन पद्धतीचे, ११० व्होल्टचे. भारतीय पिनांसाठी अडॅप्टर लागेल. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, छोटा राइस कुकर, सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेंशन बोर्ड हे सगळं चढतानाच काढून घेतात. उदबत्ती आणि निरांजनही चालत नाही. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही, म्हणून हा नियम कडक आहे आणि तो योग्यच आहे.

जेवणाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण शाकाहारी कुटुंबांची क्रूझ इथंच बनते किंवा बिघडते. कार्निव्हलच्या मुख्य डायनिंग रूममध्ये भारतीय शाकाहारी जेवण रोज मिळतं. इतर मोठ्या कंपन्यांमध्ये पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटून सांगायचं, "उद्यापासून रोज एक भारतीय भाजी, डाळ आणि भात हवा." ते आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मिळतं, ऐन वेळी मागितलं तर मिळत नाही. जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा. स्वयंपाकघरात आणि टेबलावर भारतीय कर्मचारी पुष्कळ असतात. शांतपणे समजावून सांगितलं की काम होतं.

बफेमध्ये मात्र डोळे उघडे ठेवा. भाजीच्या सूपला चिकनचं पाणी असतं. राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये बेकनचे तुकडे असतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे असतात आणि थरथरणाऱ्या पुडिंगमध्ये जिलेटिन. मेक्सिकोच्या कॉस्मेल बेटावर उतरून शाकाहारी टाको मागितला, तरी दळलेले बीन्स अनेकदा डुकराच्या चरबीत परतलेले असतात. भांड्यासमोरच्या पाटीवर 'व्हेजिटेरियन' असं स्पष्ट असेल तरच घ्या, नाहीतर आचाऱ्याला विचारा. अंडं त्यांच्या शाकाहारात बसतं, हेही ध्यानात असू द्या.

चहाचं दुःख सर्वांनाच होतं. गरम पाणी, टी-बॅग आणि दाटसर दुधाच्या चिमुकल्या डब्या, एवढंच फुकट मिळतं. चहाचा मसाला आणि पाण्यात विरघळणारी इन्स्टंट चहाची पाकिटं न्यावीत. बंद पाकिटातली बाकरवडी, चिवडा, थालीपीठाची भाजणी जहाजावर नेता येते, पण भाजणी शिजवणार कशावर याचा विचार आधी करा. अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ आहेत असं अधिकाऱ्याला सांगायचंच. ताजा कढीपत्ता, फळं आणि बिया तिथं चालत नाहीत. जहाजावरचं सफरचंद किंवा केळं खिशात घालून बेटावर उतरणंही नियमाबाहेर आहे.

जाहिरातीतला दर माणशी असतो आणि खोलीत दोघं आहेत असं धरलेला असतो. एकट्या माणसाला पुष्कळदा जवळपास दुप्पट पडतो. त्यात खोली, मुख्य जेवणं, पाणी, साधा चहा-कॉफी, तरणतलाव आणि नाटक-संगीताचे कार्यक्रम येतात. टिप्स वेगळ्या, माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, त्या मुलांनाही लागतात. १८ डॉलर धरले तर चौघांचे सात दिवसांचे ५०४ डॉलर झाले. शीतपेयं, दारू, खास रेस्टॉरंट, बेटावरच्या सहली आणि वायफाय यांचे पैसे निराळे. न पिणाऱ्यांनी ड्रिंक पॅकेजच्या फंदात पडू नये. वायफाय जहाज सुटण्याआधी ऑनलाइन घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. फोन मात्र पहिल्या दिवसापासून फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या मोबाइल टॉवरला जोडला जाऊन रोमिंगचं बिल वाढतं. खर्चाच्या खात्याला क्रेडिट कार्डच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर त्यातली रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला कित्येक दिवस लागतात. टूर पॅकेज भारतातून घेतलं तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो. पावती जपून ठेवा.

चढायच्या दिवशी मोठी बॅग हमालाकडे दिली की ती खोलीच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येते. पासपोर्ट, औषधं, चष्मा आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत. सुरक्षेची कवायत सर्वांना सक्तीची असते. फोनवर व्हिडिओ बघायचा आणि ठरलेल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागी, जाऊन हजेरी लावायची. दुर्लक्ष केलं तर नाव पुकारतात.

बेटांमध्ये पहिल्या फेरीसाठी पश्चिमेचा मार्ग बरा. कॉस्मेलला जहाज धक्क्याला लागतं आणि प्रवाळ बघायला लांब जावं लागत नाही. कॉस्मेलहून मेक्सिकोच्या मुख्य भूमीवरच्या तुलूमचे माया संस्कृतीचे अवशेष बघायला मात्र जाऊ नका. फेरी आणि बसमध्येच दिवस जातो. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर जायचं असतं. बोट फळीच्या वर-खाली होत असते आणि ती फळीच्या पातळीला येईल त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. दोन्ही बाजूंनी कर्मचारी दंड धरतात, पण गुडघे किंवा तोल कमजोर असलेल्यांना हे जमेलच असं नाही. लाटा मोठ्या असल्या तर बंदर रद्दच होतं. पूर्वेच्या मार्गावर सिंट मार्टेनला माहो बीचवर डोक्यावरून उतरणारी विमानं बघण्यात मुलं रमतात. दक्षिणेच्या मार्गावर बार्बाडोस असेल तर ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल चुकवू नका. २९ जून २०२४ ला भारतानं टी-२० विश्वचषक जिंकला तो इथं. ते बंदराजवळच आहे आणि बाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे.

सहल जहाजाची घेतली आणि बस अडकली तर जहाज थांबतं. स्वतःची टॅक्सी केली तर थांबत नाही. बेटाचं आणि जहाजाचं घड्याळ तासानं वेगळं असू शकतं, म्हणून हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि फोनवर विसंबू नका.

जहाज लागण्यावर ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही आणि तिनं झोप येते. आलेपाकही चालतो. पोटाचा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्यानं पसरतो आणि त्यावर सॅनिटायझर कमी पडतो. जेवणाआधी साबणानंच हात धुवा. जहाजावरच्या डॉक्टरची फी अमेरिकेच्या दरानं लागते, म्हणून विम्यात क्रूझ आणि हेलिकॉप्टरनं हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे पॉलिसीत वाचूनच निघा.

शेवटच्या रात्री दहा-अकरापर्यंत बॅगा नंबराची पट्टी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे आणि चपला त्यातच गेल्या, असं दर फेरीत कुणाचं तरी होतं. परतीचं विमान दुपारी एकनंतरचं घ्या. मार्गात पनामा, कोलंबिया किंवा त्रिनिदाद असेल तर आणखी एक काम पुण्यातूनच करून निघायचं: यलो फीव्हरची लस, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. हे देश भारताच्या यलो फीव्हरच्या यादीत आहेत आणि परतताना मुंबईत लसीचं कार्ड दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, दाराबाहेर जाणाऱ्या बॅगेत नको.